रॅक उंच कराच, पण आधी पॉलिसीची प्रत मागवा

नमस्कार. चिपळूणच्या बाजारपेठेत पाईप-फिटिंग आणि पंपांचं दुकान, सहा माणसं कामाला, 2021 च्या पुरात सगळं गेलं, आणि आता पावसाळ्याआधी रॅक उंच करायचे की उंचावर दुसरं गोडाऊन घ्यायचं, हा तुमचा प्रश्न वाचला आणि 2019 चा ऑगस्ट डोळ्यांपुढे आला. माझं सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला मोटर-पंपांचं दुकान आहे, मागे रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम चालतं.

रॅकबद्दल एवढंच सांगतो. 2005 ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. त्या पाण्याची रेघ आमच्या भिंतीवर होती, म्हणून रॅक रेघेच्या दीड फूट वर घेतले आणि निर्धास्त झालो. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मागच्या पुराची रेघ ही पुढच्या पुराची हद्द नव्हे.

मला खरा फटका बसला तो पॉलिसीत. दुकानावर बँकेची सीसी होती, म्हणजे माल तारण ठेवून ठरावीक लिमिटपर्यंत उचलायचं कॅश क्रेडिट कर्ज. विमा बँकच काढायची, हप्ता खात्यातून वळता व्हायचा, पासबुकात नोंद दिसायची. चार वर्षं पॉलिसीचा कागद मी हातात घेतला नाही. पाणी ओसरल्यावर शाखेत गेलो, तर पॉलिसी 20 लाखांची निघाली, म्हणजे जुन्या लिमिटएवढी. दुकानात माल 28 लाखांचा होता. नुकसान झालं 14 लाखांचं. मला वाटलं, 14 हे 20 च्या आत आहे, पूर्ण मिळतील. नुकसान मोजायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरनं सरासरीचं कलम दाखवलं: विमा जर 28 पैकी 20 चाच असेल, तर नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात. 10 लाख. आणि दोन वर्षांपूर्वी भाड्यानं घेतलेल्या गोडाऊनचा पत्ता पॉलिसीत नव्हताच. तिथला 11 लाखांचा माल गेला, त्याचा एक रुपया आला नाही.

गोडाऊन घेतलं तेव्हा मी शाखेत तोंडी सांगितलं होतं. पुरानंतर तिथले साहेब म्हणाले, "लेखी आहे का?" लेखी नव्हतं. पुढचे पाच महिने शाखा म्हणायची विमा कंपनीकडे जा, कंपनी म्हणायची पॉलिसी बँकेच्या नावावर आहे, बँकेकडून पत्र आणा. ज्या शाखेनं दरवर्षी न विचारता हप्ता कापला, तिला एक पत्र द्यायला सात आठवडे लागले. अजून राग जात नाही.

त्यात आणखी एक चूक माझी. दुकानात माल किती आहे याचं बँकेला द्यायचं दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट मी मागचाच आकडा थोडा फिरवून द्यायचो. बरेच जण देतात. सर्व्हेअरनं पहिला तोच कागद मागितला. खरा माल किती होता हे शेवटी जीएसटीच्या पोर्टलवरच्या खरेदीच्या नोंदींवरून आणि कंपन्यांनी मेलवर पुन्हा पाठवलेल्या बिलांवरून सिद्ध करावं लागलं. संगणक गेला होता, आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात होती.

मी विमा एजंट नाही, वकीलही नाही, तुमच्या पॉलिसीच्या अटी तुम्हीच वाचा. पण याच आठवड्यात प्रत मागवा आणि तीन गोष्टी बघा: रक्कम, प्रत्येक जागेचा पत्ता, आणि पुराचं संरक्षण. एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आली आहे, एका जागी 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. तीत विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तरी सरासरीची कात्री लागत नाही. त्यापेक्षा जास्त कमी पडला तर लागते. दुसरं गोडाऊन घेतलंत तर माल हलवण्याआधी पत्ता लेखी चढवून घ्या आणि पोच घ्या.

आता धंदा चालू ठेवण्याबद्दल. माझ्या मते दुसऱ्या गोडाऊनपेक्षा दुसऱ्या जागी काम सुरू करण्याचा शब्द जास्त मोलाचा. 2019 ला पाणी उतरल्यावर नदीकाठच्या गावागावांतून बुडालेल्या पंपांच्या मोटारी दुरुस्तीला निघाल्या. वर्षातलं सगळ्यात मोठं काम दारात, आणि माझ्याकडे मोटारी वाळवायची भट्टी नाही, तार नाही, वीज नाही. ते काम मिरजेला गेलं. पुढं मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका मित्राशी ठरवून ठेवलं: पाणी आलं की त्याच्या शेडमध्ये माझी दोन टेबलं आणि भट्टी. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा पेठ पाण्यात असतानाच तिकडे काम सुरू झालं होतं.

आणि माणसं. माझ्या चारपैकी दोघांची घरं हरिपूरला, तीही पाण्यात. पहिल्या वेळी पगाराचं मी क्लेम आल्यावर बघू म्हटलं. एक चांगला वाइंडर कायमचा गेला, आणि तो बरोबर होता. आता दोन महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात असतात, त्याला हात लावत नाही.

तुमच्याकडे एक फरक मोठा आहे. आमच्या कृष्णेचं पाणी फूट-फूट चढतं, 40 ला इशारा, 45 ला धोका, हलायला दिवस मिळतो. वाशिष्ठीचं पाणी काही तासांत येतं, भरती असेल तर उतरतही नाही. तेव्हा माल हलवण्याचं माझं वेळापत्रक तुमच्या कामाचं नाही. जड पंप जूनमध्येच वर नेऊन ठेवा आणि दुकानात नमुन्यापुरतेच ठेवा.

भिजलेल्या मोटारींना घाईनं करंट देऊ नका. चिखल गोड्या पाण्यानं धुवा, बेअरिंग काढा, भट्टीत वाळवा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून इन्सुलेशन एक मेगाओमच्या वर आलं तरच पुढं जा. आणि धुण्याआधी प्रत्येकीचा नेमप्लेटसकट फोटो काढा, सर्व्हेअर तोच मागेल.