सुनेच्या कागदांवरील पितृनाम

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. माझी सून १९९४ साली रशियातील पेर्म शहरात जन्मली आणि १९९७ मध्ये एका अमेरिकन दांपत्याने तिला तिथल्या बालगृहातून दत्तक घेतले. त्यांनी तिला अतिशय मायेने वाढवले. माझ्या मुलाशी विवाह होण्यापूर्वी तिचे दोनदा प्रेम जमले होते आणि दोन्ही वेळा, समोरचा माणूस आपल्याला सोडून जाईल या धास्तीने, तिनेच आधी काढता पाय घेतला, असे तिने मला स्वतः सांगितले. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. तेव्हापासून ‘हिचा चेहरा कोणावर गेला?’ हा प्रश्न तिची पाठ सोडत नाही. तिने डीएनए चाचणी केली. त्यात ‘पूर्व युरोप’ असे उत्तर आले आणि काही दूरच्या भावंडांची नावे मिळाली. तिच्या जुन्या कागदांवर ‘सेर्गेयेव्ना’ असे पितृनाम आहे, म्हणून वडिलांचे नाव सेर्गेई असल्याची तिची खात्री आहे. आपल्या आईवडिलांना दुःख होईल म्हणून तिने त्यांना काहीच सांगितलेले नाही. माझा मुलगा म्हणतो, हा विषय सोडून द्यावा. मी काय करावे?

उत्तर : तिने शोध घ्यावा असेच माझे मत आहे, मात्र तो आईवडिलांना अंधारात ठेवून घेऊ नये. यामागे भावनेचे कारण आहेच. पण ज्याची कल्पना तुम्हाला बहुधा नसेल, असे कायद्याचेही कारण आहे. रशियाच्या कुटुंब संहितेच्या १३९ व्या कलमाने दत्तकविधान गोपनीय ठरवले आहे आणि दत्तक घेणाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध ते उघड करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. जन्माची मूळ नोंद नागरी नोंदणी कार्यालयात असते, ज्याला तिकडे ‘झाग्स’ म्हणतात. तिथल्या कर्मचाऱ्यांना दत्तक घेणाऱ्यांच्या संमतीवाचून अशी माहिती देण्याची मुभा नाही. ज्या दोघांना सांगायला तुमची सून कचरते आहे, त्यांचीच लेखी संमती तिला लागणार आहे. शिवाय न्यायालयाच्या निकालाची प्रतही बहुधा त्यांच्याच कपाटात असेल, आणि अशा निकालात मुलाचे आधीचे नाव व पुष्कळदा जन्मदात्या आईचे नावही असते. इंग्रजी भाषांतरावर विसंबू नये. रशियन लिपीतील मूळ प्रत मिळवून ती जाणकाराकडून वाचून घ्यावी, कारण लिप्यंतरात एकाच आडनावाची तीन-चार रूपे होतात आणि शोध तिथेच भरकटतो.

आता पितृनामाविषयी. आई अविवाहित असेल आणि पितृत्व कोणी स्वीकारलेले नसेल, तर रशियात जन्मनोंदीत आडनाव आईचे लागते आणि वडिलांचे नाव व पितृनाम आई सांगेल तसे लिहिले जाते. ते खऱ्या पित्याचे असू शकते, आजोबांचे असू शकते किंवा केवळ रकाना भरण्यापुरतेही असू शकते. म्हणून ‘सेर्गेई’ नावाच्या माणसाचा माग काढण्यात सुनेने आपली उमेद खर्च करू नये. आईचे माहेरचे आडनाव, जन्मसाल आणि त्या वेळचा पत्ता हे तीन धागे अधिक भरवशाचे आहेत. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, परंतु आजी किंवा मामा त्याच पत्त्यावर राहत असण्याची शक्यता असते. ‘ओद्नोक्लास्निकी’ या नावाचे, म्हणजे वर्गमित्रांचे, समाजमाध्यम रशियातील मध्यमवयीन लोक वापरतात आणि तिथे शाळा व वर्ष यांवरून माणूस शोधता येतो.

डीएनए चाचणीकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. आई किंवा वडील यांपैकी एकच समान असलेल्या सावत्र भावंडांमध्ये सुमारे २५ टक्के आणि सख्ख्या चुलत वा मामे भावंडांमध्ये सुमारे १२.५ टक्के अंश समान असतो. असा निकटचा दुवा सापडला तर काम झालेच. पण अमेरिकन कंपन्यांच्या संग्रहांत रशियात राहणारे लोक कमी असल्याने बहुतेकदा हाती लागतात ती कित्येक पिढ्यांपूर्वी स्थलांतर केलेल्यांची पणतवंडे. आणखी एक गोष्ट सुनेला हळुवारपणे सांगावी. रशियन भाषेत वंशाने रशियन असलेल्यासाठी ‘रूस्की’ आणि त्या देशाच्या नागरिकासाठी ‘रोस्सियानिन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. पेर्म उरल पर्वताच्या पायथ्याशी, कामा नदीवर आहे. त्या प्रदेशात तातार, बश्कीर, उद्मुर्त आणि कोमी-पेर्म्याक लोकही पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. तिच्या मुलीच्या डोळ्यांचे उत्तर यांपैकी कोणत्याही घरात असू शकते, आणि तसे निघाले तरी तिचा वारसा उणा होत नाही.

त्या दोन तुटलेल्या प्रेमांबद्दल मी जपून लिहिते. दत्तक न गेलेली माणसेही अशी आधीच निघून जातात, त्यामुळे सारा दोष बालगृहाच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. तिने स्वतःच तो संबंध जोडला, तर शांतपणे ऐकून घ्यावे. जी गोष्ट ती आपल्या आईला सांगू शकत नाही ती तिने सासूला सांगितली, यावरून या घरातून पळून जाण्याची निकड तिला वाटत नाही, हे तुमच्या मुलाला जरूर सांगा. रशियन भाषेत मुलगी दत्तक घेण्याला ‘उदोचेरेनिये’ असा स्वतंत्र शब्द आहे; त्यातला ‘दोच’ म्हणजे मुलगी हा शब्द आपल्या ‘दुहिता’चाच नातलग आहे. दोन्ही घरांची दुहिता असण्यात तिला काही चोरल्यासारखे वाटू नये.

१९९१ ते २०१२ या काळात सुमारे साठ हजार रशियन मुले अमेरिकेत दत्तक गेली. १ जानेवारी २०१३ पासून रशियाने अमेरिकनांना मुले दत्तक देणे बंद केले, पण त्यामुळे प्रौढ झालेल्या मुलांच्या शोधाला मनाई झालेली नाही. सध्या प्रत्यक्ष प्रवास मात्र टाळावा. परदेशी दत्तक गेलेल्या मुलाचे रशियन नागरिकत्व आपोआप संपत नाही, आणि तिथे पाऊल ठेवताच रशिया तिला केवळ आपलीच नागरिक मानेल.

सर्वांत नाजूक भाग पहिल्या संपर्काचा. नव्वदच्या दशकातील हलाखीत मूल सोडून आलेल्या स्त्रीने ही गोष्ट नंतरच्या नवऱ्याला आणि मुलांना कधी सांगितलीही नसेल. म्हणून शेजारी किंवा नातलगांना काही कळवू नये आणि समाजमाध्यमाच्या सार्वजनिक भिंतीवरही काही लिहू नये. पत्र फक्त तिलाच मिळेल अशी व्यवस्था करावी. ते रशियनमध्ये, छोटे आणि जाब न विचारणारे असावे : मी सुखरूप आहे, मला राग नाही, तुम्हाला वाटले तर उत्तर द्या. उत्तराला महिने लागू शकतात, नकारही येऊ शकतो. त्या दिवसांत सुनेजवळ कोणीतरी असायला हवे आणि ते तुम्हीच असावे. पत्रात आपल्या लेकीचे छायाचित्र घालू का, असे ती नक्की विचारेल. पहिल्या पत्रात घालू नये. उत्तर आल्यावर घालावे.