बायस्टेबल लिक्विड क्रिस्टल सेलमध्ये डिफेक्ट दिसले, म्हणजे सेल वाया गेला का?

बायस्टेबल सेल म्हणजे दोन काचांमध्ये लिक्विड क्रिस्टल (द्रवासारखा वाहणारा, पण रेणू एका दिशेने लागलेला पदार्थ) भरलेला असा सेल, ज्याच्या दोन अवस्था वीज काढली तरी टिकतात. तुम्ही विचारलंय की मायक्रोस्कोपखाली डिफेक्ट, म्हणजे रेणूंची मांडणी मोडलेल्या जागा, दिसले तर सेल टाकून द्यावा का. थांबा, टाकू नका. आधी सेल कोणत्या जातीचा आहे ते बघा, कारण एका जातीत डिफेक्ट घात करतो आणि दुसरीत तोच चित्र धरून ठेवतो.

भौतिकशास्त्रज्ञ क्लार्क आणि लागरवाल यांनी 1980 साली मांडलेला फेरोइलेक्ट्रिक सेल (यातल्या पदार्थाला स्वतःचं विद्युत ध्रुवीकरण असतं) पहिल्या जातीचा. तो भरल्यावर थंड होताना रेणू कलतात आणि त्यांच्या थरांची जाडी घटते. काचेपाशी मात्र थरांमधलं अंतर आधीचंच राहतं, म्हणून थर मधोमध मोडतात. कुठे मोड डावीकडे, कुठे उजवीकडे. दोन्ही भेटतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी झिगझॅग रेषा उमटते आणि तिथून प्रकाश गळतो. हे सेल फार हळवे. एकदा नुसता अंगठ्याचा दाब पडून माझी नीट जमलेली रचना विस्कटली. कितीही पल्स, म्हणजे विजेचे क्षणिक झटके, दिले तरी ती सावरली नाही. पुन्हा तापवून सावकाश थंड करावी लागली.

दुसरी जात मला मनापासून आवडते. इंग्लंडमधल्या मालव्हर्नच्या संरक्षण संशोधन संस्थेत 1990च्या दशकात झेनिथल बायस्टेबल सेल (यात दोन अवस्थांमध्ये रेणूंचा काचेशी असलेला कल वेगळा असतो) तयार झाला. त्याच्या एका काचेवर सुमारे एक मायक्रॉन अंतराने बारीक खाचा असतात, आणि रेणूंना त्या पृष्ठभागाला सगळीकडे काटकोनात उभं राहायचं असतं. ते दोन प्रकारे जमतं. एकात रेणूंची दिशा खाचांवरून अखंड वळत जाते आणि वर ते जवळजवळ उभे राहतात. दुसऱ्यात खाचेच्या माथ्याशी आणि तळाशी अधिक अर्धा आणि उणे अर्धा (भोवती फिरताना रेणूंची दिशा एका किंवा उलट बाजूला अर्धा फेरा घेते) असे डिफेक्ट बसतात, आणि त्यांच्या वर रेणू आडवे पडतात. मधे ऊर्जेचा उंबरठा असल्याने वीज काढली तरी अवस्था टिकते. फ्लेक्सोइलेक्ट्रिक परिणामामुळे (रेणूंची मांडणी वाकली की तिथे ध्रुवीकरण तयार होतं) पल्सच्या अधिक-उणे चिन्हाला महत्त्व येतं: एका चिन्हाने डिफेक्टची जोडी एकत्र येऊन विरते, उलट चिन्हाने पृष्ठभागावर नवी जन्मते. दुकानातल्या फळीवरच्या किमतीच्या पट्ट्यांत हे तंत्र वापरलं गेलं. तिथे किंमत बदलतानाच वीज लागते.

तुमचा सेल खाचांचा असेल आणि काही ठिपके पल्सला दादच देत नसतील, तर खाचांची खोली तपासा. उथळ खाचेत डिफेक्टची अवस्था टिकत नाही, फार खोल खाचेत ती मोडत नाही.