तिला पुढचं ठाऊक नाही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि कादंबरीची तीन प्रकरणं चारदा. तू लिहितेस, ‘मावशी, हे दुःखाचं लिहू की अभिमानाचं? बाबा म्हणतात अभिमानाचं लिही, आपली माणसं वर आली ते दाखव. सर म्हणतात, शोषण दाखव. माझ्याकडे तर मजुरांच्या नोंदवहीतला एक नंबर आहे, एका जहाजाचं नाव आहे आणि खापरपणजीचा एक फोटो. एवढ्यावर काय लिहायचं?’

नऊ वर्षांची ती पोर, तुझी खापरपणजी, 1856 साली मुंबईहून आईबापांबरोबर मॉरिशसच्या जहाजात बसली तेव्हा तिच्याजवळ दुःख नव्हतं आणि अभिमानही नव्हता. तिला भूक होती, ओकारी येत होती, आणि आईचा पदर सुटला तर आपण समुद्रात पडू अशी भीती होती. दुःख आणि अभिमान हे तुझे शब्द, तुझ्या बाबांचे, तुझ्या सरांचे. तिला पुढचं ठाऊक नाही. हे एकच वाक्य मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी ती पोर्ट लुईच्या घाटाच्या सोळा पायऱ्या मोजत चढते, मागे वळून समुद्राकडे बघते आणि तिच्या मनात येतं, ‘आपली पावलं इथे कायमची उमटली.’ मुली, हे तुझ्या मनात आलं, 2006 साली तो घाट जागतिक वारसा झाल्यावर जन्माला आलेल्या किंवा शाळेत गेलेल्या पोरीच्या मनात. आप्रवासी घाट हे नावसुद्धा फार उशिराचं. तेव्हा तो कुली घाट होता. किती तरी दिवस हलत्या फळीवर काढल्यावर जमिनीवर पाय ठेवला की जमीनच हलते. ती पायऱ्या मोजत नव्हती, पाय कुठे ठेवायचा ते बघत होती. तेवढंच लिही.

याचा अर्थ अभ्यास करू नकोस असा नाही. उलट दुप्पट कर. मी आधी सगळं वाचते, मग त्यातलं पोराला ठाऊक असू शकत नाही ते एकेक करून काढून टाकते. 1 फेब्रुवारी 1835 रोजी तिथली गुलामी उठली, मळेवाल्यांना मजूर हवे होते, त्याआधीच 2 नोव्हेंबर 1834 ला कलकत्त्याहून 36 जण घेऊन अ‍ॅटलास जहाज लागलं होतं, 1842 च्या कायद्याने मुंबई बंदरातूनही माणसं न्यायला परवानगी मिळाली, पुढे एकंदर साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. हे सगळं तुला पाठ हवं. तुझ्या पोरीला यातलं अक्षरही माहीत नाही. तिला इतकंच कळतं की खोताचं देणं फिटत नव्हतं, बाप पडावात बसून मुंबईला आला, मुंबईत काम मिळेना, आणि एका माणसाने सांगितलं की महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ.

मग ती काय बघते? मला यावर तासन्‌तास बोलायला आवडतं. जहाज दक्षिणेला जातं तसा ध्रुव तारा रोज रात्री थोडा खाली उतरतो. विषुववृत्त ओलांडलं की दिसेनासा होतो, आणि तुमच्या बेटावरून तो कधीच दिसत नाही. ज्या पोरीला आज्याने अंगणात उभं करून ‘हा हलत नाही बघ’ असं सांगितलंय, तिच्यासाठी केवढी गोष्ट आहे ही! तिला भूगोल येत नाही, तारा बुडाला एवढंच दिसतं. बेटावर पोचल्यावर मृग नक्षत्र आभाळात उलटं. आषाढ येतो, बाप सवयीने आभाळाकडे बघतो, तर पाऊस नाही. थंडी, वारा आणि ऊसतोडीची घाई. पाऊस येतो पौष-माघात, आणि कधी तो वादळ घेऊन येतो. गणपतीच्या दिवसांत घरी भात पोटरीला आलेला असायचा, तेरड्याने बांध भरलेले असायचे. इथे भाद्रपदात उसाची पाती हात कापतात. तुझ्या तीन प्रकरणांत ‘अन्याय’ हा शब्द अकरा वेळा आलाय आणि पाऊस एकदाही नाही. पोरीला अन्याय दिसत नाही गं, पाऊस न आलेला दिसतो.

आणि अन्याय दाखवायचाच असेल तर हिशेब दाखव. मळ्यावर एक दिवस गैरहजेरी लागली की दोन दिवसांचा पगार कापायचे. माझ्या दुसऱ्या पुस्तकात बाप तापाने पडतो आणि मुकादम दहा दिवस गैरहजेरी लावतो. तीस दिवसांचे पाच रुपये, त्यातले वीस दिवस गेले. उरला एक रुपया दहा आणे आठ पै. पोरगा दगडाने जमिनीवर हा हिशेब करतो, चुकला असेल म्हणून पुसून पुन्हा करतो. बस. पुढे एकही विशेषण मी लिहिलेलं नाही. पाचवीतली मुलं तो हिशेब वहीत करून बघतात आणि त्यांनाच राग येतो. तो राग त्यांचा असतो, माझ्याकडून उसना घेतलेला नसतो.

तू दुसरी अडचण लिहिलीस ती नाजूक आहे. नोंदवहीच्या उताऱ्यात नावापुढे जात लिहिलीय आणि बाबा म्हणतात तो रकाना कादंबरीत नको. बाबांना दुखवू नकोस. पण तुझ्या खापरपणजीच्या बापाला कारकुनाने जात विचारली तेव्हा दीडशेहून जास्त वर्षांनी आपल्या वंशजांना त्याची लाज वाटेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला विचारलं, त्याने सांगितलं. घाबरत सांगितलं असेल, कदाचित काहीतरी वेगळंच सांगितलं असेल. ते लिही. नावाचंही तेच. बापाचं साधं घरातलं नाव कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं आणि तेच पुढे अख्ख्या घराण्याचं आडनाव झालं, हे तुमच्याकडे घरोघरी आहे. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात मात्र कारकुनाची लेखणी चालताना बापाला वाटतं, ‘आपलं नाव हरवलं.’ त्याला कसं वाटेल? त्याला वाचता येत नाही! तो पुढे सरकला, मागे रांग होती. नाव हरवलं हे तुला कळलं, आणि त्यावर तू आज रडलीस तर तेही खरं आहे. पण तुझं रडणं त्याच्या डोळ्यांत घालू नकोस.

तुला वाटेल, मावशी फार कठोर झाली. माझ्या पहिल्या पुस्तकात मी हेच पाप केलंय म्हणून बोलते. त्यात एक पोरगा जहाजाच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभा राहून म्हणतो, ‘एक दिवस या मातीत आपली पिकं डोलतील, आपली माणसं राज्य करतील.’ 12 मार्च 1968 ला मॉरिशस स्वतंत्र झालं हे मला माहीत होतं ना, ते मी त्याच्या तोंडी कोंबलं. त्या पानाला टाळ्या मिळाल्या. शाळांतून ते पान वाचून दाखवायचे. पुढे मी पोर्ट लुईला त्या पायऱ्यांपाशी उभी राहिले तेव्हा मला त्या पोराची क्षमा मागावीशी वाटली. अंधारात, आजारी, घाबरलेलं पोर ते, आणि मी त्याला भाषण करायला उभं केलं होतं.

म्हणून दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी हटून बसले. प्रकाशकांना शेवटी एक प्रकरण हवं होतं: त्याच पोराचा पणतू डॉक्टर होतो, कोकणात येतो, मूळ घर शोधतो. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मुलांना आशा हवी. मी म्हटलं, पुस्तक संपतं तेव्हा तो पोर तेरा वर्षांचा आहे आणि त्याला पणतू नाही. हस्तलिखित सात वर्षं कपाटात राहिलं. दुसरीकडे छापून आलं तेव्हा शाळांच्या खरेदीत घेतलं नाही, शेवट प्रेरणादायी नाही म्हणून. सात वर्षांत माझ्या बरोबरीच्या लेखकांची दहा-दहा पुस्तकं आली. माझी सगळी मिळून चार. लोक म्हणतात हट्टाने नुकसान करून घेतलं, आणि घरातल्यांनी ते सोसलं, हेही खरं. तरी मी चुकले नव्हते. एका जिल्हा परिषद शाळेत ते पुस्तक वाचल्यावर अकरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘पण त्याच्या आजीला कळलं का, तो पोचला म्हणून?’ एकाही मोठ्या माणसाने मला हे विचारलं नव्हतं. पणतू डॉक्टर झाला असता तर त्यानेही विचारलं नसतं. आज पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा सात वर्षं थांबेन.

त्या मुलाला मी उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्या घरात होतं आणि मी ते घालवलं.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. माझ्या आत्याच्या आजोबांचा थोरला भाऊ ‘मोरसला’ गेला, असं आत्या म्हणायची. जुनी माणसं साखरेलाही मोरस म्हणत, तुमच्या बेटावरून यायची म्हणून. सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे एक पान बाजूला वाढायचे आणि त्यावर साखरेचं काही नसायचं, गुळाचंच. पानावरून दरवर्षी वाद. तो मेला हे कुणालाच ठाऊक नाही, मग पितरांत पान कसं वाढायचं? आणि नाही वाढलं आणि तो मेलेला असला तर? लहानपणी मी हे वाद ऐकायची आणि जेवणाची वाट बघायची. मोठेपणी, पहिलं पुस्तक लिहीत असताना, आत्या एकदा स्वतःहून सांगायला बसली. ‘त्याच्या आईने काय केलं ठाऊक आहे?’ असं तिने सुरू केलं. मी म्हटलं, ‘आत्या, मला सगळं माहीत आहे, ते लोक तिकडे सुखी झाले, जमिनी घेतल्या त्यांनी.’ ती गप्प झाली. 1981 च्या पावसाळ्यात गेली. त्याच्या आईने काय केलं ते मला आजतागायत माहीत नाही. मला पुढचं ठाऊक होतं ना, म्हणून मी मागचं ऐकलं नाही.

तुझी आजी आहे. तिला ‘आपला इतिहास सांग’ असं म्हणू नकोस, ती तुला पुस्तकातलंच सांगेल. तिच्या आजीला कशाची भीती वाटायची ते विचार. कोणता पदार्थ ती खात नसे, घरात कोणती वस्तू उगाच जपून ठेवली होती, कुणाचं नाव घेतलं की विषय बदलायची. तिने मध्येच क्रिओलमध्ये, तुमच्या तिकडच्या बोलीत, सांगितलं तर तसंच लिहून घे, मराठी नंतर कर. आणि तिचं बोलणं चालू असताना ‘हो, मला माहीत आहे’ म्हणू नकोस. एकदाही नाही.

पहिलं प्रकरण पुन्हा लिही. पायऱ्यांवरचं वाक्य काढ, अकराही ‘अन्याय’ काढ, ध्रुव तारा घाल. दुसऱ्यातला कारकून चांगला उतरलाय, त्याला घाम येतो ते विशेष आवडलं. तिथे फक्त बापाचं वाक्य जाईल. तिसऱ्या प्रकरणात गणपतीपुढच्या नाचाला तू आधी ‘झाकरी’ लिहिलं होतंस आणि मग खोडून ‘जाखडी’ केलंस. खालचा शब्द मला शाईतून दिसतोय. आमच्याकडे जाखडी म्हणतात म्हणून केलंस ना? तुझ्या माणसांच्या तोंडात तो शब्द समुद्र ओलांडून झाकरी झाला, आणि तुझ्या आजीने तो तसाच ऐकलाय. चौदाव्या पानावर तो परत लिही आणि मग मला पाठव.

तुझी,
मावशी