शहर गॅस (घरोघरी पाइपने गॅस आणि वाहनांना सीएनजी) परवान्याचा लिलाव हरलेली कंपनी कोर्टात जिंकू शकते का?

जिंकू शकते, पण फक्त 'आमची बोली सरस होती' एवढ्यावर नाही. १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात (तोही परवान्यांचाच वाद, मुंबईसह चार महानगरांतल्या मोबाइल सेवेचा) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्ट निर्णय कसा घेतला ते तपासतं, स्वतः गुण देत बसत नाही. त्यामुळे हे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने बोली उघडल्यावर निकष बदलले, एकालाच सूट दिली किंवा मनमानी केली, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. मंडळाच्या आदेशावर आधी मंडळाच्याच २००६ च्या कायद्यातल्या कलम ३० खाली अपील न्यायाधिकरण असतं. उच्च न्यायालयात रिट (सरकारी निर्णयाविरुद्धची थेट याचिका) करता येते, पण 'आधी तिकडे का गेला नाहीत?' हा प्रश्न येतोच. माझ्या मते उशीर सर्वांत घातक. पाइपलाइन टाकून झाल्यावर कोर्ट सहसा हात घालत नाही.