नवे सर, जुने मामा आणि पावणेसहाची हजेरी

(मैदानाच्या कडेवरून: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. कॉलेजात फुटबॉलचे नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी सगळं बदलायला घेतलं. एक पत्र खेळाडूचं, एक आईचं, एक प्रशिक्षकाचं. तिघांची कॉलेजं वेगवेगळी असावीत. या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी टी.वाय.ला आहे. गेली दोन वर्षं कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन होतो. जुलैत नवीन सर आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या मामांना थांबवलं. मामा म्हणजे आमचे असिस्टंट कोच, अठरा वर्षं मानधनावर होते. त्यांच्या जागी गोलकीपरसाठी वेगळे कोच आणि फिटनेससाठी एक जण आणलाय. प्रॅक्टिस आता पावणेसहाला. पाच मिनिटं उशीर झाला की गेटबाहेर. यो-यो टेस्टमध्ये (बीपच्या ठोक्यावर वीस मीटर पळत जाऊन परत यायचं, दम मोजायची चाचणी) सांगितलेली लेव्हल आली नाही तर मॅचला नाव नाही. माझं कॅप्टनपदही काढलं. पोरं म्हणतात, प्राचार्यांना सह्यांचं निवेदन देऊ. मी सही करू का?
(एक खेळाडू, अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : सही करू नकोस. पण मामांच्या बाबतीत तुला जे लागलंय, ते खरं आहे. त्यावर आधी बोलते.

१९९६ साली मी एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून रुजू झाले. मी खो-खोची खेळाडू, वय तिशीच्या आत, अंगात जोर होता. फुटबॉलची ट्रंक उघडली तर सात चेंडू, त्यातले तीन हवा धरत नव्हते, आणि बुटांचे चार जोड अकरा पोरांत फिरत होते. सरावाला कोण आलं, कोण नाही, याचा कागद कुठेच नव्हता. तिथेही असेच एक गृहस्थ होते, मानधनावर, पन्नाशीचे. मला वाटलं, सगळ्या ढिलाईचं मूळ हेच. मी शिपायाच्या हाती पत्र पाठवलं : उद्यापासून येण्याची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ते आले. मैदानावर फक्की मारून झालेली होती, गोलपोस्टची जाळी बांधलेली होती. त्यांनी ट्रंकेची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि शेजारी एक लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी. एक शब्द बोलले नाहीत. ते गेल्यावर मी चोपडी उघडली. प्रत्येक पोराला एक पान. बुटाचा नंबर, घर कुठे, वडील कुठल्या कारखान्यात, रात्रपाळी कोणत्या आठवड्यात. एका पानावर लिहिलं होतं : ‘डाव्या गुडघ्याला सूज. दिवाळीपर्यंत पळवू नये.’ त्या पोराला मी आदल्याच दिवशी मैदानाला बारा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तो सबंध मोसम खेळू शकला नाही. मी त्या गृहस्थांच्या घरी गेले ते तीन आठवड्यांनी, आणि तोवर उशीर झाला होता. त्यांनी चहा दिला, चोपडीबद्दल जे विचारलं ते सांगितलं, मैदानावर मात्र पुन्हा आले नाहीत.

म्हणून तुझ्या सरांना मी समोर असते तर इतकंच विचारलं असतं : मामांशी बसून बोललात का? कुठल्या पोराचा घोटा कच्चा आहे, कोण उपाशी येतो, हे त्यांच्याकडून घेतलंत का? माणूस बदलायचा अधिकार प्रशिक्षकाला असतो, असायलाच हवा. पण अठरा वर्षांचं माणसाच्या डोक्यातलं ज्ञान त्याच्याबरोबर गेटबाहेर जाऊ देणं, हे संघाचं नुकसान आहे.

आता दुसरी बाजू. सरांनी जे मागितलंय त्यात चुकीचं काय आहे? पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला आपल्या विद्यापीठाचा संघ जातो तेव्हा समोर मुंबई, पुणे, गोवा, कोल्हापूर अशा ठिकाणची पोरं उभी असतात. कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांत, तालमीतालमींत खेळला जातो, शाहू स्टेडियम भरतं. मी कडेला उभी राहून कितीतरी सामने पाहिले. पहिला अर्धा तास आपली पोरं कुणाला ऐकत नाहीत. साठाव्या मिनिटानंतर तीच पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहतात, आणि गोल तेव्हा होतात. पायातलं कसब कमी नाही रे, दम कमी पडतो. आणि दम मोजल्याशिवाय वाढवता येत नाही.

गोलीला वेगळा कोच दिला याचा तर मला फार आनंद झाला. आपल्याकडे गोलीचा सराव म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं सगळ्यांनी त्याच्यावर शूट मारायचं. त्यात गोली शिकत नाही, बाकीच्यांची हौस भागते. चेंडूच्या रेषेत आधी पाय न्यायचे, पुढे येऊन कोन कमी करायचा, पडताना आधी मांडीची बाजू टेकायची, कोपर नाही, हे कुणीतरी एकाला समोर घेऊन शेकडो वेळा करून घ्यावं लागतं. आपल्या मुरमाड मैदानावर हे शिकवलं नाही तर महिन्याभरात पोराच्या कमरेची सालटं निघतात आणि मग तो डाइव्ह मारायलाच घाबरतो. तुमच्या गोलीला विचार, दोन महिन्यांत त्याला काय फरक पडला.

उशिराच्या नियमाबद्दल मात्र तू बोल. निवेदन नको, तू स्वतः जा. सर बाहेरगावचे असतील तर त्यांना ठाऊकही नसेल की आपल्या गावात नळाला रोज पाणी येईलच असं नसतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं तरणं पोरगं पहाटे बादल्या घेऊन उभं असतं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आई विड्या वळते, बाप यंत्रमागावर असतो, आणि पोरगा स्वतः टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट मैदानावर येतो. नियम सैल करा असं म्हणू नकोस. म्हण, ‘सर, ज्याची पाण्याची पाळी असेल त्यानं आदल्या रात्री कळवायचं आणि संध्याकाळी तेवढाच सराव भरून काढायचा, चालेल का?’ आणि यो-योची लेव्हल किती, पुन्हा टेस्ट कधी, हे कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावायला सांग. पास होण्याचा आकडा आणि तारीख दिसत असली की पोरं सकाळी आपणहून पळतात.

कॅप्टनपदाचं दुःख मी कमी लेखत नाही. पण दंडावरची पट्टी नसताना तू पावणेसहाला पहिला हजर असलास, तर पोरं कुणाकडे बघून पळतील ते तुलाच कळेल. आणि मामांना भेटायला जा. सगळे मिळून जा.

प्रश्न : माझा मुलगा एफ.वाय.ला आहे. नवीन कोच आल्यापासून रोज सकाळी दोन तास पळवतात. परवा घरी आला आणि उलटी झाली. चेहरा लालबुंद. पहाटे फक्त चहा घेऊन जातो. मी कॉलेजात जाऊन बोलू का? मुलगा म्हणतो, आई, तू आलीस तर माझी इज्जत जाईल.
(एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, जायला हरकत नाही, पण आधी घरात दोन गोष्टी करून बघू.

नुसत्या चहावर दोन तास पळणं कुणालाच जमणार नाही. निघायच्या तासभर आधी एक केळं, किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि ग्लासभर पाणी. रात्रीचं जेवण पोटभर हवं. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी आपल्या घरात असतेच, सोबत डाळ असू दे. सराव झाल्यावर पाणी द्याल त्यात मीठ-साखर हवी : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. बाटली भरून बरोबर द्या.

एक दिवस त्याचं वजन सरावाआधी आणि सरावानंतर करा. एक किलो उतरलं तर साधारण लिटरभर घाम गेला असं समजायचं. मुलालाही हा आकडा पटतो, आपण ‘पाणी पी’ म्हणून दहा वेळा सांगितल्यापेक्षा जास्त.

एवढं करूनही उलटी झाली तर डॉक्टरांना दाखवा. आणि एक लक्षण मनात पक्कं ठेवा : उन्हात पळालेला मुलगा असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजायचा. वाट बघायची नाही. सावलीत घ्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर गार पाणी ओतत वारा घालायचा आणि त्याच वेळी दवाखान्याची गाडी बोलवायची. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. जगातल्या मोठ्या स्पर्धांत उष्णता आणि दमटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की सामना मध्येच थांबवून खेळाडूंना पाणी पाजतात. मग आपल्या कॉलेजच्या सरावात दर वीस मिनिटांनी पाण्याची सुट्टी मागणं यात कमीपणा कसला? सरांना फोन करून शांतपणे हेच विचारा. मैदानावर जायची गरज पडणार नाही, आणि मुलाची इज्जतही राहील.

प्रश्न : मी यंदाच एका कॉलेजात फुटबॉल प्रशिक्षक म्हणून आलो. दोन सहायक बदलले, सरावाची वेळ बदलली, हजेरीची अट घातली. अकरातले चार जुने खेळाडू सोडून गेले. संस्था विचारते, करंडक यंदा येणार का? मी काय सांगू?
(एक प्रशिक्षक, विजापूर रोड)

उत्तर : यंदा येणार नाही, असं सांगा. आत्ताच सांगा, मोसम संपल्यावर नको.

ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडला प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा संघ बावीस संघांच्या तक्त्यात एकविसावा होता. खेळाडूंच्या दारूच्या सवयीवर त्यांनी बोट ठेवलं, नावाजलेले खेळाडू विकले, लहान वयाच्या मुलांना हेरणारी फळी नव्यानं उभी केली. पहिला करंडक कधी आला? १९९० साली, एफए कप. लीगचं विजेतेपद १९९३ मध्ये. मधल्या एका मोसमात संघ तेराव्या क्रमांकावर घसरला होता. संस्थाचालकांना हे आकडे कागदावर लिहून द्या.

पण मला जास्त जवळचे वाटतात ते सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे, पेशानं शिक्षक, भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचे नातेवाईक हैदराबादेत आहेत, तरी हे नाव आपल्या पोरांना माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या हाताखाली हैदराबाद पोलीस संघानं १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा मुंबईतला रोव्हर्स कप जिंकला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ युगोस्लाव्हियाकडून १-१० हरला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्यानंतर बूट सक्तीचे झाले, आणि चारच वर्षांनी मेलबर्नला रहीमसाहेबांचा संघ ऑलिंपिकमध्ये चौथा आला. पोरांनी चेंडू पायाशी धरून ठेवू नये म्हणून ते ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवत. १९६२ साली जकार्ताला एशियाडमध्ये बचावपटू जर्नेलसिंग डोक्याला जखम झालेला, टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला फॉरवर्ड म्हणून खेळवलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१ असा विजय, एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा. साहेब तेव्हा कॅन्सरनं पोखरलेले होते, पुढच्याच वर्षी गेले.

मी हे सांगते ते एवढ्यासाठी, की त्यांनी शिस्त लावली ती खेळ शिकवता शिकवता. तुमच्या पत्रात वेळ आहे, हजेरी आहे, अट आहे. पोरांना नवीन काय शिकवलंत, ते एका ओळीतही नाही. माझ्या मते ते चौघं तिथेच सुटले. पावणेसहाला उठून आलेल्या पोराला सात वाजता वाटलं पाहिजे, की आज डाव्या पायानं पास द्यायला जमला.

चौघांपैकी एकाच्या तरी घरी जा. दोन सहायकांपैकी जुना कोण होता, त्याच्याही. जानेवारीत सोलापुरातल्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, भरतो, त्या दिवसांत पोरांचं लक्ष लागत नाही, म्हणून डिसेंबरातच कोल्हापूरच्या एखाद्या तालमीच्या संघाशी सामना ठरवा. हरायला जा. पूर्ण नव्वद मिनिटं खेळवा, पहिला गोल कितव्या मिनिटाला खाल्ला ते लिहून ठेवा, आणि पुढच्या डिसेंबरात त्याच संघाशी पुन्हा खेळा. निकाल आल्यावर मला कळवा, दोन्ही वर्षांचा.