चार महिन्यांच्या बाळाची आई दिवसभर घरी नेमकं काय करत असते?

तुम्ही लिहिलंय की बायको बाळंतपणाच्या रजेवर आहे, महिन्याभरापूर्वी माहेरहून बाळाला घेऊन आली आणि दिवसभर घरात ती आणि बाळ दोघंच असतात. तुम्ही साडेसातला येता तेव्हा ओट्यावर सकाळची भांडी तशीच, सोफ्यावर दुपट्यांचा ढीग आणि ती वैतागलेली. 'दोष देत नाही, पण दिवस जातो कुठे हेच कळत नाही' असं म्हणून शेवटी विचारलंय की स्वयंपाकाला बाई लावली तर प्रश्न सुटेल का. बाईचं शेवटी सांगते, मधलं कळल्याशिवाय ते ठरवता यायचं नाही.

माझी मुलगी आता सोफ्याला धरून उभी राहते. म्हणजे ते दिवस सरलेत, पण अजून विसरलेले नाहीत. पुढे विसरतात सगळ्याच. 'आमच्या वेळी नव्हतं बाई एवढं काही' म्हणणाऱ्या मावश्या खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच आठवत नसतं.

आधी दुधाचा हिशेब करू. या वयाचं बाळ दिवसरात्र मिळून सहा ते आठ वेळा तरी पितं. पिणं वीस-पंचवीस मिनिटं, मग खांद्यावर घेऊन ढेकर, ढेकरेबरोबर गुळणी, गुळणी आली की त्याचं झबलं आणि आपला गाऊन दोन्ही बदला, तेवढ्यात शी. एका खेपेला पाऊण तास धरा आणि गुणाकार तुम्हीच करा. हे सगळं बसून करायचं काम, त्यामुळे लांबून ते आरामासारखं दिसतं. एक हात बाळाच्या मानेखाली अडकलेला, दुसरा मोकळा, त्या मोकळ्या हातात फोन येतो. तुम्ही दार उघडता तेव्हा ती 'फोन घेऊन बसलेली' दिसते ती बहुतेक अशी. त्यात चौथ्या महिन्यात बाळाला आजूबाजूचं जग दिसायला लागलेलं असतं. पंखा फिरला की तोंड काढून तिकडे बघणार, पडदा हलला की तिकडे. अर्धवट प्यायलेलं बाळ तासाभरात परत भुकेलं होतं आणि दिवसाची राहिलेली भूक रात्री वसूल करतं.

पाजणाऱ्या बाईला स्वतःलाही सडकून भूक लागते. बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असेल तर आईला रोज साधारण 500 ते 600 कॅलरी वरच्या लागतात. माहेरी ते ताटात आपसूक येत होतं. सकाळी अळिवाची खीर, थोड्या वेळाने डिंकाचा लाडू, दुपारी मऊ भात-मेतकूट-तूप, शेपूची भाजी. इकडे दुपारी अडीचला ओट्याशी उभं राहून चहा आणि टोस्ट. तुमच्याकडेही असंच चाललं असणार, एकदा विचारून बघा.

झोपेबद्दल तर सगळे दोन सल्ले देतात. बाळ झोपलं की कामं उरकून घे, आणि बाळ झोपलं की तूही झोप. दोन्ही सल्ले एकाच तोंडातून येतात. दिवसाची ही झोप असते चाळीस-पन्नास मिनिटांची, बाळाच्या झोपेचं एक आवर्तन तेवढंच. त्याआधी त्याला पाळण्यात ठेवणं हे वेगळंच काम. खांद्यावर थोपटून डोळे मिटले. पाळण्याशी वाकून आधी ढुंगण टेकवलं, मग पाठ, मग डोकं. आता डोक्याखालचा तळवा काढायचा, तोही एकेक बोट करत. शेवटचं बोट सुटलं आणि बाळाने दोन्ही हात फेकून डोळे टक्क उघडले. हे दचकणं उपजत असतं आणि चार-सहा महिन्यांपर्यंत राहतं, म्हणून तर आपल्याकडे दुपट्यात बांधून निजवतात. (कुशीवर वळायला, पालथं पडायला लागलं की मात्र बांधणं बंद. हात आत अडकलेले असताना तोंड गादीत गेलं तर त्याला सुटता येत नाही.) परत उचला, परत हॉलमध्ये फेऱ्या.

झोपलं एकदाचं असं धरू. आता कुकर लावायचा का? शिट्टीने उठेल. मिक्सर नकोच. ताटं घासली तर वाजणार. आमच्या डोंबिवलीत दुपारी खालून भंगारवाला ओरडत जातो, तो गेला की कुरिअरवाला येतो. मी बेलवर कागद चिकटवला होता, 'बाळ झोपलंय, बेल वाजवू नये'. लोक तो कागद वाचायचे आणि दार ठोठवायचे. तर तुमच्या ओट्यावरची भांडी ही अशी राहतात. बाळाची झोप आणि स्वच्छ ओटा यातलं एकच मिळणार असेल तर शहाणी बाई झोप निवडते.

आंघोळ हा आणखी एक अख्खा कार्यक्रम. साताऱ्याला माहेरी मुलीला न्हाऊ घालायला बाई यायची. पाटावर बसून पाय लांब करायची, पायांवर बाळ पालथं घेऊन खोबरेल तेलाने चोळायची, मग डाळीचं पीठ आणि दूध, मग गरम पाणी. तोवर आई टॉवेल धरून दारात उभी. आजी शेगडी आणि ओव्या-वावडिंगाची धुरी घेऊन तयार. (डॉक्टरांनी धूर नको म्हणून सांगितल्यावर आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, डॉक्टरांशी मात्र गोड.) काकू तिकडे लंगोट वाळत घालत असायची आणि मी पलंगावर. दहा मिनिटांत गुंडाळलेलं, गुलाबी झालेलं बाळ हातात यायचं, पिऊन तीन तास झोपायचं. तेच इथे एकटीने करायचं तर तेल, पाणी, तांब्या, टॉवेल, कपडे सगळं आधी हाताच्या टप्प्यात मांडावं लागतं, कारण तेलाने निसरडं झालेलं बाळ हातात असताना एक रुमाल आणायलाही उठता येत नाही. नेमकं काहीतरी आत राहिलेलं असतंच.

मला सांगायचंय ते हेच. माहेरी जे काम चौघी करत होत्या ते इथे एक करते. आपली बाळंतपणाची रीत विचार करून बसवलेली आहे, कोणी काय करायचं हे कोणाला विचारावं लागत नाही. पण ती सव्वा महिन्याची, फार तर तीन महिन्यांची. त्या काळात बाळ बराचसा वेळ झोपलेलंच असतं. मग ओटी भरून पाठवणी होते, आणि बाळ जागं राहायला लागतं, माणूस मागायला लागतं, नेमकं तेव्हा चौघींची एक होते. पूर्वी सासरीही चार बायका असायच्या, त्यामुळे हाताला हात मिळत राहायचा. (त्या चौघींचं आपसांत किती पटायचं हा वेगळा विषय आहे आणि त्यात मी पडत नाही.) आता आठ वाजता तुम्ही बाहेर पडता आणि फ्लॅटचं दार लागतं, ते साडेसातलाच उघडतं.

त्या चौघी फोनवर मात्र असतात. गुटी घालतेस ना? माझ्या सामानात सहाण आणि हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांची पुरचुंडी न विचारता भरलेली निघाली. आमच्या बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं सरळ होतं, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत चाटवायचाच नाही. मी आजीला फोनवर 'हो, घातले दोन वेढे' म्हणायचे. सहाण अजून कोरी आहे. पण सगळ्यात बोचरा प्रश्न असतो 'दूध पुरतंय ना गं?' हा. बाळ रडलं की प्रत्येक जण तिच्या दुधाकडे बघतो. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट चांगला ओला होतोय आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. हे तुमच्या आईला तुम्ही सांगा, तिला सांगायला लावू नका.

तुम्ही म्हणालात, 'रविवारी मी बघतो, तू बाहेर जाऊन ये' म्हटलं तरी ती जात नाही. हिरकणीची गोष्ट आठवते? रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं बाळ, म्हणून अंधारात कडा उतरून गेली असं सांगतात. एसटी स्टँडवर पाजण्यासाठी जी खोली असते तिला हिरकणी कक्ष म्हणतात ते तिच्यावरूनच. गोष्टीत फक्त बाळाची भूक सांगतात. पाजायची वेळ टळली की छाती दाटून कडक होते, काखेपर्यंत ठणकते, आणि रिक्षात शेजारी कोणाचंही बाळ रडलं तरी पान्हा फुटून कुडता भिजतो, हे शाळेत कोणी सांगत नाही. तशा अवस्थेत मीही कडा उतरले असते. तेव्हा तिला बाहेर पाठवायचं असेल तर पाजून झाल्या झाल्या पाठवा, दोन-अडीच तासांसाठी, आणि मध्ये 'रडतोय, कधी येतेस' असा फोन करू नका. काढून ठेवलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. आपल्याकडच्या उकाड्यात ते बाहेर ठेवूच नये. देताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही. ही सवय तुम्हाला आत्ताच लागली तर बरं, कारण 2017 च्या दुरुस्तीपासून कायद्याने रजा 26 आठवड्यांची आहे आणि तिच्या डोक्यात त्याची उलटी मोजणी सुरू झालेली असणार. विचारा हवं तर, तारीख तोंडपाठ असेल.

तुम्ही येता ती वेळही वाईटच असते. दिवसभर तुकड्यातुकड्याने झोपलेलं बाळ तिन्हीसांजेला किरकिरतंच. आजी मीठ-मोहरीने दृष्ट काढायची आणि तेवढी दहा मिनिटं दुसऱ्या कोणीतरी बाळाला घेतल्यामुळे मला बरं वाटायचं, त्यामुळे दृष्टीवर माझा विश्वास बसला आहे. तुम्ही आल्यावर चहा मागू नका एवढंच नाही, 'काय मदत करू' असंही विचारू नका. ते ठरवून सांगणं हेही तिच्याच डोक्याला लागतं. एक काम पूर्ण उचला. आमच्याकडे नवऱ्याने आंघोळ घेतली, सकाळी ऑफिसला निघायच्या आधी. पाणी काढण्यापासून काजळ-तीट नको म्हणून आईशी वाद घालण्यापर्यंत सगळं त्याचं. पहिले काही दिवस मी बाथरूमच्या दाराशी उभी राहून सूचना द्यायचे, मग त्याने दार लावून घेतलं. तेव्हा राग आला होता, पण त्याच वेळात मी पहिल्यांदा गरम पोहे खाल्ले.

एक वेगळं सांगते, हसण्यावारी नेऊ नका. घर पसरलेलं असणं ही काळजीची गोष्ट नाही. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि जातं. पण चार महिन्यांनीही ती रोज रडत असेल, बाळ गाढ झोपलेलं असूनही तिला झोप लागत नसेल, जेवणावर वासना नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नाही किंवा आपण नसतो तर बरं असं काही बोलली असेल, तर तो स्वभाव नाही, आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. तिच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात. केस मूठमूठ गळत असतील तर मात्र घाबरायचं नाही, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते होतंच आणि थांबतं.

आता बाई. लावा, जरूर लावा, फक्त प्रश्न सुटेल असं समजून लावू नका. स्वयंपाकाच्या बाईने स्वयंपाक होतो, बाळ कडेवरून उतरत नाही. पैसे एकाच बाईपुरते असतील तर मी भांडी आणि बाळाचे कपडे यांना आधी लावीन, पोळी-भाजीचा डबा बाहेरूनही मिळतो. वेळ अशी ठरवा की तुम्ही घरी असताना ती येऊन जाईल, नाहीतर तिला दार उघडणं, काय करायचं ते सांगणं आणि ती आली नाही तर फोन करणं हे आणखी एक काम तुमच्या बायकोला लागलं. सुट्टी, पगार, उद्या कोणती भाजी, हे सगळं बाईने तुमच्याशी बोलायचं. तुमचा नंबर द्या. आणि सकाळी तुमचा डबा भरताना तिचाही भरायचा, एका हाताने उघडेल अशा झाकणाचा.