वडिलांच्या ओठावर ताप फुटतो, नवजात बाळाला जवळ घ्यावं का?

तुम्ही विचारलंय: बायकोला नववा लागलाय, तुमच्या ओठावर अधूनमधून ताप फुटतो, तर बाळाला हातात घ्यायचं की नाही? खुशाल घ्या. मी सिंधुदुर्गात नवजात बाळांच्या कक्षात नर्स आहे. फोड असेल तेव्हा मुका घ्यायचा नाही, हात साबणाने धुवायचे, खपली पडून जाईपर्यंत मास्क लावायचा.

हा हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू. (नागीण वेगळी, तिचा विषाणू निराळा.) मोठ्यांना आठवडाभराचा त्रास, पण तान्ह्या बाळाच्या मेंदूपर्यंत, लिव्हरपर्यंत पोचू शकतो.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मात्र जास्त महत्त्वाची. बाळांना हा संसर्ग साधारण ८५ टक्के वेळा प्रसूतीच्या वाटेतच होतो. आईला तिथे तो जुना असेल तर तिची प्रतिपिंडं नाळेतून बाळाला मिळालेली असतात, धोका फार कमी. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच झाला तर प्रतिपिंडं तयार व्हायला वेळच नसतो. तेव्हा धोका ३० ते ५० टक्के. तुमच्या ओठावरचा विषाणू तिला खाली लागू शकतो, फोड दिसत नसतानाही. म्हणून बाळंतपणापर्यंत तोंडाने संबंध नको. स्पष्ट लिहिते, कारण ओपीडीत नवरे हे विचारत नाहीत. तिला खाली फोड किंवा जळजळ असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. कळा सुरू होताना फोड असले तर सिझेरियन करतात.

मग बारसं. मुंबईची मंडळी येणार, सगळ्यांना बाळ हवं. "एक मुको घेतलंय तर काय झाला?" हे मी रोज ऐकते. ओठावर फोड असलेल्या आत्याला लांबून बघू दे, रुसली तर रुसू दे. सहाणेवर गुटी उगाळून, बोटाने चाखून, तेच बोट बाळाच्या तोंडात घालायचं हेही बंद. (गुटीच नको, पण आजीसमोर माझं काय चालणार!) आईच्या स्तनावर फोड नसेल तर अंगावरचं दूध चालू ठेवा.

पहिल्या महिनाभरात बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, तापलं किंवा गार लागलं, झटके आले, तर थांबू नका. अंगावर पुरळ नसलं तरीही. शंका आली की रिपोर्टची वाट न बघता शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू करतात, आजार ठरला तर १४ ते २१ दिवस. ओरोसच्या सरकारी इस्पितळात न्या नाहीतर गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात, घरात कुणाच्या ओठावर फोड होता हे स्वतःहून सांगा. विचारतीलच असं नाही.